पान १८७

पुस्तक कुठवर वाचलं गेलंय ते त्याच्या कडेवरून कळतं. मिटलेलं पुस्तक उजेडात आडवं धरायचं. बोटं जिथवर फिरली तिथवर पानांची कड मळकट असते, तिथून पुढे कोरी. देवघेवीच्या टेबलावर तेवीस वर्षं बसल्यावर ही नजर आपोआप येते. पुस्तक परत करताना "छान होतं हं" म्हणणाऱ्या कितीतरी माणसांचं बिंग मी मनातल्या मनात फोडलेलं आहे. बोलून कधी दाखवलं नाही, वर्गणीदार टिकवायचे असतात.

ती इंग्रजी कादंबरी मी वाचायला घेतली तेव्हा तिची कड साधारण एक तृतीयांशापर्यंत चांगलीच मळलेली होती. पुढे एकदम उजळ. अगदी कोरी मात्र नाही, एक फिकट रंग शेवटच्या पानापर्यंत गेला होता. म्हणजे पुष्कळांनी सुरू केली आणि एकानेच संपवली. तो एक कोण, हे मला ठाऊक होतं. नववीतली एक मुलगी. दर शनिवारी शिकवणी सुटली की येते, पाठीवरची सॅक पावसात पोटावर घेते आणि पुस्तक वर आणखी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणते. एवढ्यावरूनच ती मला आवडते. तिने जूनमध्ये विचारलं, "काकू, याचा दुसरा भाग येणार का? आणि तिसरा? तीन आहेत."

मी तिला मागणी वही दिली. तिने दोन्ही भागांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिली आणि शेजारी "लवकर" असं लिहून दोनदा अधोरेखित केलं.

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावचं, ब वर्गातलं. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. अनुदान येतं तेव्हा येतं. पुस्तकखरेदीच्या पैशांत दिवाळी अंक, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, ज्येष्ठ सभासदांना हव्या असलेल्या चरित्रांच्या नव्या आवृत्त्या हे सगळं बसवायचं असतं. त्यात इंग्रजी कुमार-कादंबरीचे दोन भाग म्हणजे अकराशे रुपये. कार्यकारी मंडळाच्या सभेत मी यादी वाचली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "बाई, हे वाचतं का कुणी?"

"एक मुलगी वाचते," मी म्हटलं.

"एका मुलीसाठी अकराशे?"

आता तिथे मला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन आठवायला हवे होते. दरवर्षी १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनाला मी शाळेच्या पोरांसमोर त्यांचे पाच सिद्धांत म्हणते, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक हा तिसरा. एका ग्रंथाला एक वाचक मिळाला की सिद्धांत पुरा होतो, पाहिजेत कशाला दहा. पण ऐनवेळी काही सुचलं नाही आणि मी बोलून बसले, "मी पहिला भाग वाचून सांगते, घेण्यासारखं आहे का."

तर ही अशी सुरुवात.

पुस्तकाचं नाव सांगत नाही. लेखिका लिहिती आहे, तिच्या पुस्तकांवर जीव टाकणारी मुलं आहेत, आणि तिचं काही चुकलं असं मला म्हणायचंही नाही. पाचशे बारा पानं. पुण्याहून इथे राहायला आलेल्या एका कुटुंबाने पाच खोकी भरून पुस्तकं देणगी दिली होती, त्यातलं. दाखल नोंदवहीत चढवताना प्रश्न पडला होता तो विभागाचा. बालविभागात ठेवावं तर नायिका सोळा वर्षांची आणि दोन मुलगे तिच्या मागे. मोठ्यांच्या कथा-कादंबऱ्यांत ठेवावं तर मुखपृष्ठावर सोनेरी चिमणीसारखा पक्षी आणि तलवार. बालविभाग आणि मोठ्यांचं कपाट यांच्या मधे खिडकीखाली एक बुटकं कपाट आहे, तिथे ही सगळी मधल्या वयाची पुस्तकं राहतात. खिडकीतून पावसाची झड येते म्हणून जूनमध्ये ते कपाट हातभर आत ओढायचं आणि ऑक्टोबरात पुन्हा मागे सरकवायचं.

मी बावन्न वर्षांची. या वयात असलं पुस्तक वाचायचं म्हणजे थोडं ओशाळवाणं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. अमेरिकेत २०१२ साली झालेल्या एका पाहणीत, बारा ते सतरा वयासाठी म्हणून काढलेल्या पुस्तकांच्या गिऱ्हाइकांतले ५५ टक्के अठराच्या वरचे निघाले होते. आणि ती सगळी पोरांसाठी विकत घेत नव्हती, स्वतःच वाचत होती. म्हणजे मी काही एकटी म्हातारी नव्हते या जत्रेत.

पहिली साठ पानं मी चार रात्रींत वाचली. माझ्या इंग्रजीच्या वेगाला हे फार झालं.

झालं असं, की नायिकेचं गाव मिठागराचं होतं. समुद्राकाठी उथळ वाफे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं, पाणी दाट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. आई आणि मुलगी लांब दांड्याच्या फळीने ते ओढतात. आई रात्री मुलीच्या तळहातांना चरबी चोळते. आणि गावातलं कुणीही ओठांवरून जीभ फिरवत नाही, लहान मुलांनासुद्धा तसं करू देत नाहीत.

हे वाचलं आणि मी पुस्तक पोटावर उपडं ठेवून छताकडे बघत राहिले. माझं आजोळ शिरोड्याजवळचं. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ ज्या शाळेत शिकवत होते ते शिरोडं, १९३०चा मिठाचा सत्याग्रह झाला तेही हेच. पुस्तकांच्या जगात शिरोड्याला असा मोठा मान आहे. आमच्या लेखी मात्र शिरोडं म्हणजे मोठ्या मावशीच्या टाचा. मे महिन्याच्या सुट्टीत गेलो की ती संध्याकाळी मिठागरावरून येऊन पडवीत बसायची आणि टाचांच्या भेगांत खोबरेल तेल घालायची. भेगा एवढ्या खोल की तेल आत उतरताना दिसायचं. "गो, हय बस, तुझ्या पायांकाय लावतंय," म्हणायची. माझ्या पायांना काहीही झालेलं नसायचं. आणि ओठ चाटला की पाठीत धपाटा. मीठ लागलेला ओठ चाटला की फुटतो, पुन्हा चाटला की आणखी फुटतो, मग आठवडाभर आमटी झोंबते.

ही कुठली अमेरिकेतली बाई, तिला हे कसं माहीत? कुठून तरी शोधून काढलं असणार, किंवा तिचीही कुणी मावशी असेल. मी यांना उठवून ते पान वाचून दाखवलं. यांनी "हं, छान" म्हणून कूस बदलली. यांची कड नेहमीच कोरी असते.

एकसष्टाव्या पानावर करड्या झग्यातले तिघे जण घोड्यावरून येतात आणि नायिकेला घेऊन जातात. तिच्या अंगात काहीतरी शक्ती असते, हजार वर्षांतून एकदा उगवणारी. मुलीला डोंगरापलीकडच्या विद्यापीठात नेतात. आई वाफ्याच्या बांधावर उभी राहते, फळी हातात तशीच. इथपर्यंतही ठीक होतं. मुलगी शिकायला घर सोडून जाणार, हे कोकणात काय नवीन आहे.

पुढे मात्र मीठ आलंच नाही.

आलं काय, तर नावं. मधे वरच्या बाजूला स्वल्पविराम असलेली नावं. एका सरदार घराण्याची नऊ माणसं, त्यातल्या चौघांची नावं एकाच अक्षराने सुरू होणारी. दोन चंद्र, त्यांना वेगवेगळी नावं. महिन्यांची नावं वेगळी. पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा आहे आणि शेवटी शब्दार्थांची सूची, पण सूचीत जो शब्द बघावा त्याच्या अर्थात आणखी दोन न कळणारे शब्द. मग मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला वंशावळ काढली. घराण्यांना रेघा, शत्रुत्वाला लाल रेघ. आपण महाभारत वाचताना कधी वंशावळ काढत नाही, कारण ती माणसं आपल्याला कळायच्या आधीपासून ओळखीची असतात. इथे मी एखाद्या परक्या गावातल्या लग्नात आल्यासारखी होते. सगळे एकमेकांचे कोण ते सगळ्यांना माहीत, आणि मी एकटीच पंगतीत.

चौऱ्याण्णवाव्या पानावर एक एसटीचं तिकीट सापडलं. मशीनमधून निघणारं, शाई पार उडालेलं. पुस्तकात लोक काय वाट्टेल ते ठेवतात. मला आजवर वाळलेली अबोली, बारशाचं निमंत्रण, दळणाचा हिशेब, एकदा तर शंभराची नोट सापडली आहे. पण हे तिकीट वेगळं वाटलं. ते तिथे ठेवून कुणीतरी बसमधून उतरलं होतं आणि पुन्हा त्या पानावर परतलं नव्हतं.

मी पुस्तकाच्या शेवटची तारखेची चिठ्ठी बघितली. नऊ शिक्के. त्यातले सहा शिक्के असे, की पुस्तक आठवड्याच्या आत परत आलेलं. पाचशे बारा पानं आठवड्याच्या आत, आणि तीही शाळा चालू असताना? शक्यच नाही.

मग मी खुणा शोधायलाच लागले. एकशे एकतिसाव्या पानावर गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, दुमडून पट्टी केलेली. एकशे त्रेसष्टाव्या पानाचा कोपरा दुमडलेला. हा कोपरा दुमडण्याचा प्रकार मला अजिबात खपत नाही, पण त्या दिवशी रागाऐवजी जरा सोबत वाटली. दुर्गम वाटेवर आधीच्या वाटसरूंनी विझवलेल्या चुली दिसाव्यात तसं.

या दरम्यान काय चाललं होतं म्हणाल, तर नायिका शिकत होती. काठीने लढायला, मन एकाग्र करायला, हातातून प्रकाश काढायला. रोज पडायची, रोज उठायची. एक मुलगा तिला टाकून बोलायचा आणि दुसरा तिला वाचवायचा. टाकून बोलणाराच शेवटी चांगला निघणार, हे मला कळत होतं. असं कळलं म्हणून पुस्तक वाईट होत नाही. हरतालिकेची कहाणी आपण दरवर्षी ऐकतो, शेवट ठाऊक असूनच. पण या सगळ्या प्रशिक्षणात माझा एक डोळा सतत मागे होता. आई काय करत असेल? मेच्या शेवटी वळीव पडला की धरलेलं मीठ विरघळतं, ते झाकायला धावपळ होते, ती एकटी कशी करत असेल? त्या मुलीला एकदाही आठवण येत नव्हती. म्हणजे दर पंधरा-वीस पानांनी "तिला घराची आठवण आली" असं एक वाक्य होतं. पण वाक्य म्हणजे काही मीठ नव्हे.

मी युक्त्या केल्या. रोज दहा पानं, जेवणानंतर, औषधासारखी. मग पाच. मग तिरक्या अक्षरातली स्वप्नं गाळायची, कारण स्वप्नात नेहमी तोच काळा दरवाजा यायचा. दुपारी वाचनालयात गर्दी नसताना टेबलावर वाचून बघितलं, तर सभासद विचारायला लागले, "बाई, परीक्षेला बसताय का?" शेवटी माझी सवय अशी झाली की पान उलटलं की नजर आधी खाली आकड्यावर जायची. एकशे सत्तर. एकशे एकाहत्तर. वर्षअखेरीला पुस्तकगणती करतो तेव्हा मी जशी आकडे बघते, तसं माझं वाचन चाललं होतं. चार आठवड्यांत एकशे वीस पानं. याच चार आठवड्यांत मी दुसरं काहीही वाचलं नाही, कारण हे पुरं झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणजे एका पुस्तकाने माझं वाचनच बंद पाडलं होतं. आणि मी ग्रंथपाल.

पान एकशे सत्याऐंशी.

मध्यरात्री नायिका आणि तो टाकून बोलणारा मुलगा विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरतात. मी जरा सावरून बसले. म्हटलं, आता आपल्या गल्लीत आलं. तर ते ग्रंथालय असं: घुमटापर्यंत गेलेली कपाटं, तीन लाख पुस्तकं, आणि सगळीकडे मेणबत्त्या. कपाटांच्या मधे. पुस्तकांना लागून. जळत्या. कुठे ओल नाही, कसर नाही, वाळवी नाही, डांबराच्या गोळ्यांचा वास नाही. वर्गांक नाहीत. तालिका नाही. तीन लाख पुस्तकांत ती मुलगी पुठ्ठ्यांवरून बोट फिरवत जाते आणि एक पुस्तक तिच्या बोटाला कोमट लागतं. तेच हवं असलेलं पुस्तक.

आणि कोपऱ्यात ग्रंथपाल. म्हातारी, अंबाडा घातलेली, चष्म्याला साखळी, खुर्चीत घोरत पडलेली.

माझ्या चष्म्याला साखळी आहे.

मी मोठ्याने हसले. यांनी अंधारात विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, झोपा." दिवा मालवला आणि पडल्यापडल्या लक्षात आलं, की आता उद्या मी हे पुस्तक उघडणार नाही. राग आला म्हणून नव्हे. मेणबत्त्यांचं मी चालवून घेतलं असतं, गोष्टच आहे. पण त्या पानावर मी पुरती खुशीत हसले होते, आणि चार आठवड्यांत पहिल्यांदाच. त्या हसण्यात मला कळलं की बाकीचे दिवस मी नुसती वाट बघत बसले होते.

सकाळी मागणी वहीतला एक कोरा कागद फाडला, घडी घातली आणि त्या पानात ठेवला.

सोडलं म्हटलं तरी ते लगेच सुटत नाही. आमच्या घरी पानात टाकलेलं चालायचं नाही. आजी पंगतीतून उठू द्यायची नाही. वांग्याची भाजी गार होऊन तिच्यावर तेल थिजलं तरी ती संपवायची. जेवणाच्या पानाचा तो धडा आम्ही पुस्तकाच्या पानांनाही लावून घेतला असणार, शब्द एकच असल्यावर काय होणार. आठवडाभर माझी चिडचिड होत होती. रंगनाथन यांचा चौथा सिद्धांत "वाचकाचा वेळ वाचवा" असा आहे, आणि तो मी दरवर्षी मुलांना उदाहरणं देऊन समजावते. ती उदाहरणं सगळी पुस्तक लवकर सापडण्याची असतात. लवकर सोडण्याचं एकही नसतं.

अमेरिकेत सिअ‍ॅटलला नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या, त्यांनी यावर नियमच घालून दिला आहे. पन्नास पानं वाचा, नाही रुचलं तर सोडा. आणि वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, उरेल तेवढीच पानं द्या. जितकं वय जास्त तितका वेळ थोडा, हिशेब सरळ आहे. माझ्या वाट्याला अठ्ठेचाळीस पानं येतात. पण या पुस्तकाची पहिली अठ्ठेचाळीस पानंच तर सोन्यासारखी होती! नियम बिचारा इथे काय करणार. नावडतं पुस्तक सोडायला नियम पुरतो. आवडलेलं पुस्तक मधेच दुसरं होऊन बसलं, तर त्याचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

त्यापेक्षा मला जॉर्डन एलनबर्ग या गणितज्ञाची गंमत जवळची वाटली. त्याने २०१४ मध्ये एका वर्तमानपत्रात लिहिलं होतं. ई-पुस्तकं वाचायच्या किंडल या यंत्रावर लोक आवडलेली वाक्यं अधोरेखित करतात. एखाद्या पुस्तकातली सगळ्यात जास्त अधोरेखित झालेली पाच वाक्यं कोणत्या पानांवर आहेत ते बघायचं, त्यांची सरासरी काढायची आणि ती एकूण पानांच्या किती टक्के येते ते बघायचं. सगळी पहिल्याच काही पानांत असली तर पुढे कुणी गेलेलं नाही. त्या वर्षी गाजलेला एक जाडजूड अर्थशास्त्राचा ग्रंथ त्याच्या हिशेबात २.४ टक्क्यांवर आला. त्याने स्वतःच सांगितलं की हे गमतीत घ्या. पण मी ते वाचलं तेव्हा म्हटलं, अरे, हे तर आपण रोज करतो. त्याला किंडल लागतं, आम्हाला मळलेली कड पुरते. माझा हिशेब केला तर पाचशे बारातली एकशे सत्याऐंशी, म्हणजे साडेछत्तीस टक्के. एसटीवाला अठरावर थांबला होता. गावात माझा नंबर दुसरा.

शनिवारी ती मुलगी आली. मी सरळ सांगितलं, "मला नाही जमलं गं. ग्रंथालयात शिरतात तिथे थांबले."

तिला काही वाटलं नाही. "तिथून तर मजा सुरू होते," म्हणाली. मग मला वाईट वाटेल असं वाटून तिने भर घातली, "पण मधे बोअर आहेच. मी ट्रेनिंगची पानं नुसती बघितली."

म्हणजे तो फिकट रंग असा होता तर.

"मिठागराचं पुढे काय होतं?" मी विचारलं.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "कुठलं मिठागर?"

"सुरुवातीचं. तिचं गाव."

"हां, ते! ते येतं ना शेवटी. जळालेलं असतं." तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पटापट पानं उलटली, बोट ठेवून परत दिलं आणि बुटक्या कपाटाकडे गेली.

पान चारशे अठ्ठ्याण्णव. मी उभ्या उभ्याच वाचलं. मुलगी परत येते, झोपड्या जळलेल्या असतात, आईचा पत्ता नाही. मीठ कसं जळेल, असं माझ्या मनात आलंच होतं; पण लेखिकेला ते माहीत होतं. सगळं गाव काळं आणि मधे वाफे तसेच पांढरे, कुणी न ओढल्यामुळे मीठ जाड धरलेलं, त्यावर राखेचा एक पापुद्रा. मुलगी वाकते, बोटाने राख बाजूला करते, आणि मग ते बोट ओठाला लावते. जिभेने चाटते.

एवढंच. पुढच्या पानापासून पुन्हा घोडे आणि तलवारी.

देवघेवीच्या टेबलापाशी एक आजोबा त्यांचं कार्ड घेऊन उभे होते. त्यांना दोनदा "काय झालं बाई?" म्हणावं लागलं. मधली तीनशे दहा पानं मी वाचली असती, तर हे पान मला जास्त लागलं असतं का? असतंही. पण मला ते साठ पानांच्या जोरावरच पुरेसं लागलं होतं. मी परत मागे जाऊन एकशे अठ्ठ्याऐंशीपासून सुरू करावं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

ऑगस्टच्या सभेत अध्यक्षांनी आठवणीने विचारलं, "मग बाई, वाचलंत?"

"एक तृतीयांश वाचलं. पुढे सोडलं."

खजिनदार हसले. "म्हणजे घ्यायचं नाही."

"घ्यायचं," मी म्हटलं. "मी बावन्न वर्षांची आहे, माझ्यासाठी थोडंच आहे ते. नऊ जणांनी नेलं, एकीने शेवट गाठला, तिला पुढचं हवंय. मागणी वहीत लिहिलंय." आणि या वेळी रंगनाथन वेळेवर आठवले. तिसरा सिद्धांत अध्यक्षांना पाठ होता, मीच तो त्यांच्या शाळेत दरवर्षी म्हणते. अकराशे मंजूर झाले. दुकानदाराने सूट दिली, नऊशे ऐंशीत आले.

दोन्ही भाग दाखल केले, शिक्के मारले, मागच्या बाजूला खिसा चिकटवला. गोंद वाळेपर्यंत त्यांच्यावर शब्दकोश ठेवला. नव्या पुस्तकाची कड बघायला मला आवडते, करवतीने कापल्यासारखी सरळ आणि कोरी. दुसरा भाग त्या मुलीच्या नावावर चढवला. तिने पिशवीत गुंडाळून नेला.

चौथ्या दिवशी, म्हणजे शनिवारसुद्धा नव्हता, ती तो घेऊन परत आली.

"संपलाही?"

"नाही. सोडला." पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. "यात ती पूर्ण वेळ रडतेच आहे. आणि तो दुसरा मुलगा परत येतो."

"कितव्या पानावर सोडलास?"

"बघितलं नाही," ती म्हणाली आणि सॅक पोटावर घेऊन रहस्यकथांच्या कपाटाकडे वळली. तिथूनच ओरडून विचारलं, "काकू, दोन पुस्तकं नेली तर चालतील का? पाऊस आहे, शनिवारी येणार नाही."

मी दोन्ही तिच्या नावावर चढवली. ती गेल्यावर दुसरा भाग उजेडात आडवा धरून बघितला. कडेवर काहीच नव्हतं, चार दिवसांत मळत नाही. मग तो बुटक्या कपाटात पहिल्या भागाशेजारी लावला, तिसरा त्याच्या शेजारी. झड चुकवायला कपाट अजून आतच ओढलेलं होतं. पहिल्या भागातून मागणी वहीचा घडी घातलेला कागद जरासा वर आला होता, तो आत ढकलला. तिकीट, चांदी, सगळं होतं तिथेच ठेवलं आहे.